यिर्मया २९:११ : संदर्भ आणि अर्थ

यिर्मयाच्या ग्रंथातील २९:११ हे वचन व्यक्तिगत उत्कर्षाचे आश्वासन म्हणून सर्रास उद्धृत होते. वस्तुतः ते इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलास नेलेल्या बंदिवानांना धाडलेल्या पत्राचा अंश आहे. हनन्याने दोन वर्षांत सुटकेची ग्वाही दिली होती. यिर्मया सत्तर वर्षे सांगतो, शत्रूच्याच नगराचे हित पाहण्यास बजावतो. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. दहावे वचन गाळून अकरावे वाचणारा श्रद्धाळू, नकळत का होईना, हनन्याचाच पक्ष घेतो. आशा येथे आहे, पण ती समूहाची. मूळ हिब्रूतील संबोधन अनेकवचनी आहे; आधुनिक इंग्रजीत हा भेद बुजतो. मराठी बायबलात मात्र देव एकट्याला ‘तू’ म्हणतो, त्यामुळे ‘तुम्ही’ हे आदरार्थी नव्हे, समूहवाचकच ठरते.