संगणकाची पेटी ठेवायची कोठे?

खोली लहान आणि त्यात अभ्यासाचे टेबल, पुस्तकांचे कपाट व झोपण्याची जागा एवढे सारे बसवायचे, अशी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरची स्थिती असते. अशा घरात संगणक आला की पहिला प्रश्न उभा राहतो तो जागेचा. पडदा टेबलावर राहील, कळफलक पुढ्यात येईल, पण ती उभी, जड पेटी ठेवायची कोठे? बहुधा ती टेबलाखालच्या कप्प्यात ढकलली जाते, कप्प्याचे दार लावले जाते आणि प्रश्न सुटला असे सर्वांना वाटते.

खरे तर प्रश्न तेथेच सुरू होतो. उन्हाळ्यात संगणक रेंगाळू लागतो, पंखा घरघरतो आणि एखाद्या दिवशी, लिहिलेला प्रकल्प अजून साठवायचा असतानाच, यंत्र आपोआप बंद पडते. गेलेले काम परत येत नाही आणि दुरुस्तीचा खर्च घराला जड जातो. अशा वेळी यंत्राला दोष देण्याआधी त्याची जागा तपासावी. ती कशी तपासायची, हे तुम्ही शाळेत शिकलेल्या उष्णतेच्या पाठावरूनच ठरवता येते. कसे ते पाहू.

पेटी म्हणजे एक शेगडीच

आपल्याकडे या पेटीला सर्रास ‘सीपीयू’ म्हणतात. पण सीपीयू म्हणजे पेटीच्या आत बसवलेली प्रक्रियकाची एक लहानशी चकती. पेटीत तिच्याबरोबर मुख्य मंडलपट्ट, स्मृतिपट्ट्या, माहिती साठवणारी तबकडी, वीजपुरवठ्याचा भाग आणि पंखे असतात. या सर्वांना वीज लागते.

समजा, पेटी १०० वॉट वीज घेते. म्हणजे दर सेकंदाला १०० ज्यूल ऊर्जा तिच्यात शिरते. ती जाते कोठे? संगणक ना पाणी वर चढवतो, ना ओझे उचलतो. त्याने केलेली गणिते कितीही अवघड असोत, आत आलेली जवळजवळ सर्व ऊर्जा शेवटी उष्णतेच्या रूपानेच बाहेर पडते. तेव्हा हिशेबापुरते असे समजा की तुमच्या टेबलाखाली १०० वॉटची एक शेगडी ठेवलेली आहे.

ही अडचण संगणकाइतकीच जुनी आहे. अमेरिकेत १९४६ साली जाहीर झालेल्या ‘एनियाक’ या यंत्रात सुमारे १८ हजार निर्वात नलिका होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॉट वीज लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेला आणि पुढे ‘टिफ्रॅक’ नाव मिळालेला संगणकही निर्वात नलिकांचाच होता. आपल्या घरची पेटी त्या मानाने फारच थोडी वीज घेते, परंतु आपण तिला जागाही तितकीच थोडी देतो.

किती हवा लागते?

पेटीतील उष्णता बाहेर नेण्याचे मुख्य काम हवा करते. पुढच्या जाळीतून थंड हवा आत येते, तप्त भागांवरून वाहते आणि मागच्या पंख्यातून बाहेर पडते. बहुतेक उभ्या पेट्यांची रचना अशीच असते.

आता हिशेब करू. १ किलोग्रॅम हवेचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवण्यास सुमारे १,००० ज्यूल उष्णता लागते. १ घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते. म्हणून १ घनमीटर हवा १ अंशाने तापवण्यास सुमारे १,२०० ज्यूल लागतात.

पेटीतून जाताना हवा १० अंशांनीच तापावी अशी आपली इच्छा आहे. मग प्रत्येक घनमीटर हवा १२,००० ज्यूल उष्णता घेऊन जाईल. आपल्याला दर सेकंदाला १०० ज्यूल न्यावयाचे आहेत. १०० ला १२,००० ने भागले की ०.००८३ घनमीटर, म्हणजेच ८ लिटरांहून थोडी अधिक हवा, दर सेकंदाला हवी. १६ लिटरांची बादली डोळ्यांपुढे आणा. दर दोन सेकंदांना अशी एक बादलीभर ताजी हवा पेटीला मिळाली पाहिजे. ती मिळेल अशी जागा चांगली, न मिळेल ती वाईट.

बंद कप्प्यात काय होते?

समजा, कप्पा ३० सें.मी. रुंद, ६० सें.मी. खोल व ६० सें.मी. उंच आहे आणि त्याचे दार घट्ट बसते. आता ताजी हवा येण्यास वाट नाही. पंखा फिरतो, पण तीच ती हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. उष्णतेला बाहेर पडण्यास एकच मार्ग उरतो, तो म्हणजे लाकडी फळ्यांमधून वहनाने जाण्याचा. आणि लाकूड हे उष्णतेचे मंदवाहक आहे.

आतले व बाहेरचे तापमान यांत १ अंशाचा फरक असेल, तर सुमारे १८ मि.मी. जाडीच्या प्लायवुडच्या १ चौरस मीटरमधून दर सेकंदाला साधारण अडीच ज्यूल उष्णता बाहेर जाते. आपल्या कप्प्याची मागची बाजू भिंतीला टेकलेली आहे, ती सोडून बाकीचे क्षेत्रफळ सुमारे १.२६ चौरस मीटर भरते. म्हणजे दर अंशाला सुमारे ३.१५ वॉट. १०० वॉट बाहेर जाण्यासाठी फरक किती हवा? १०० भागिले ३.१५, म्हणजे सुमारे ३२ अंश! खोलीत ३२ अंश असतील, तर कप्प्यातील हवा ६४ अंशांकडे चढत जाईल.

प्रत्यक्ष कप्प्याला थोड्याफार फटी असतात, म्हणून आकडा काहीसा कमी येईल. तरीही पुढची गोष्ट विसरू नका. प्रक्रियक नेहमी भोवतालच्या हवेपेक्षा अधिक तापलेला असतो. भर कामात तो ३५ ते ४० अंशांनी अधिक तापत असेल, तर ६४ अंशांच्या हवेत तो शंभरी ओलांडू पाहील. बहुतेक प्रक्रियक ९० ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात आणि तरीही ताप वाढलाच तर यंत्र बंद होते. ही त्याची स्वसंरक्षणाची युक्ती आहे. ‘संगणक रेंगाळतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

शिवाय आयुष्यही घटते. मंडलपट्टावरील विद्युत्-अपघटनी धारित्रांविषयी अभियंत्यांचा एक ठोकताळा आहे : तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य सुमारे निम्मे होते. मग ३० अंशांच्या वाढीने ते किती उरेल? निम्म्याचे निम्मे, त्याचेही निम्मे, म्हणजे एक अष्टमांश.

तेव्हा कप्पा वापरायचाच असेल, तर त्याचे पुढचे दार काढून टाका आणि मागची फळी कापून घ्या. नुसते दार उघडे ठेवून भागत नाही. हवेला आत येण्यास एक वाट आणि बाहेर जाण्यास दुसरी वाट, अशा दोन वाटा हव्यात.

भिंतीपासून किती अंतर?

मागच्या पंख्याचा व्यास १२ सें.मी. असेल, तर त्याच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस सें.मी. होते. पेटी ४० सें.मी. उंच व २० सें.मी. रुंद आहे असे धरा. तिची पाठ भिंतीपासून १ सें.मी. दूर असेल, तर हवेला दोन्ही बाजूंच्या व वरच्या फटीतून निघावे लागेल. या फटींची एकूण लांबी ४० अधिक ४० अधिक २०, म्हणजे १०० सें.मी., आणि क्षेत्रफळ १०० चौरस सें.मी. हे पंख्याच्या तोंडापेक्षाही कमी झाले. त्यातच हवेला काटकोनात वळावे लागते व तारांचा गुंता आडवा येतो. अंतर १० सें.मी. ठेवले, तर वाट दसपट रुंद होते आणि तारांनाही मोकळे वळण मिळते. म्हणून मागे १० सें.मी., म्हणजे साधारण हाताच्या पंजाच्या रुंदीएवढी जागा सोडावी. पुढच्या जाळीसमोरही दप्तर किंवा पुस्तकांचा गठ्ठा ठेवू नये.

येथे एक शंका येईल. उष्ण हवा तर वर जाते, मग वरची बाजू उघडी असली की पुरे नाही का? ४० सें.मी. उंचीच्या पेटीत १० अंशांच्या फरकाने निर्माण होणारा वर ढकलणारा दाब जेमतेम ०.१५ पास्कल असतो. साधा पंखा १ मि.मी. उंचीच्या पाण्याएवढा, म्हणजे सुमारे १० पास्कल दाब सहज निर्माण करतो. तेव्हा चालू पेटीत हवेची दिशा ठरवतो तो पंखा. जागा निवडताना आधी पंख्याची वाट मोकळी करावी, वरच्या बाजूचा विचार मागाहून करावा.

जमिनीवर की टेबलावर?

जमिनीवर ठेवलेली पेटी पडत नाही, टेबलावरची जागा अडवत नाही आणि तिचा आवाजही कानापासून दूर राहतो. पण केरसुणीने उडालेली धूळ जमिनीलगतच जास्त असते आणि पेटीचा पंखा ती आत ओढतो. लादी पुसताना पाणी लागते. पावसाळ्यात तळमजल्यावरच्या खोलीत ओल येते. पुष्कळ पेट्यांत वीजपुरवठ्याच्या भागाची हवा तळातून आत शिरते. अशी पेटी सतरंजीवर ठेवली की ती वाटच बंद होते.

टेबलावर धूळ कमी व हवा मोकळी, पण पेटी पडण्याचे भय. २० सें.मी. रुंद व ४० सें.मी. उंच पेटीचा गुरुत्वमध्य मधोमध आहे असे धरले, तर ती बाजूला सुमारे २६ अंशांनी कलली की कोसळते. ७५ सें.मी. उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीशी येईतो ताशी सुमारे १४ कि.मी. वेग घेते. पेटीत फिरती तबकडी असेल, तर धोका अधिक. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीच्या काठाचा वेग ताशी सुमारे १३० कि.मी. असतो आणि वाचणारे शीर्ष तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. धक्क्याने ते तबकडीला घासले की साठवलेली माहिती गेलीच म्हणून समजा. नव्या यंत्रांतील घनावस्था साठवणीत फिरता भाग नसतो, म्हणून तिला हे भय फार कमी.

यातून मधला मार्ग निघतो. टेबलाच्या बाजूला, पाय लागणार नाही अशा ठिकाणी, १० ते १५ सें.मी. उंचीच्या पक्क्या लाकडी पाटावर किंवा चौकटीवर पेटी ठेवावी. पाट पेटीपेक्षा रुंद असावा, म्हणजे ती डगमगणार नाही. तळात जाळी असेल, तर पाटालाही तेथे भोक असावे.

आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे ऊन. तळपते ऊन समोरून पडते तेव्हा दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॉट ऊर्जा देते. पेटीची बाजू ०.१८ चौरस मीटर धरली, तर तिच्यावर १८० वॉटपर्यंत ऊर्जा पडू शकते. खिडकीची काच व तिरपे किरण यांमुळे ती निम्मी झाली, तरी काळ्या पेटीला ९० वॉटची दुसरी शेगडी लागलीच! पश्चिमेच्या खिडकीखालची जागा म्हणून टाळावी.

शाळेच्या संगणक-खोलीसाठी

शिक्षकांनी हा हिशेब वर्गात अवश्य करून घ्यावा. ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद व ३ मीटर उंच खोलीत १० संगणक पडद्यांसह १,२५० वॉट उष्णता देतात. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता देतो. म्हणजे ३० विद्यार्थ्यांचे ३,००० वॉट! यंत्रांपेक्षा विद्यार्थीच खोली जास्त तापवतात. एकूण ४,२५० वॉट बाहेर न्यायचे आणि हवा ५ अंशांहून अधिक तापू द्यायची नाही, तर सुमारे दर दोन मिनिटांनी खोलीतील सर्व हवा बदलली पाहिजे. छताचा पंखा हवा नुसती ढवळतो, उष्णता बाहेर नेत नाही. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या हव्यात.

रांगाही विचाराने लावाव्यात. एका पेटीची पाठ दुसरीच्या तोंडासमोर आली, तर पहिलीने तापवलेली हवा दुसरी आत घेते. पाठीस पाठ लावून, मधे गरम हवेसाठी वाट सोडावी. मोठ्या संगणक-केंद्रांतही गरम हवेची व थंड हवेची वाट अशीच वेगवेगळी ठेवतात.

करून पहा

१. पतंगाच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी दोऱ्याला बांधून पेटीच्या पुढे, मागे, बाजूंना व वर धरा. हवा कोठून शिरते व कोठून निघते, त्याचा नकाशा काढा. पेटी उघडू नका आणि पट्टी जाळीत शिरू देऊ नका.

२. प्रयोगशाळेतील एक तापमापक पुढच्या जाळीपासून ५ सें.मी. अंतरावर टांगा आणि दुसरा मागच्या पंख्यासमोर. एक तासभर दर १० मिनिटांनी नोंद करून आलेख काढा. पेटी मोकळ्या जागी आणून प्रयोग पुन्हा करा. ताप पाहण्याचा तापमापक मात्र वापरू नका, तो सुमारे ४२ अंशांपर्यंतचाच असतो. पुढच्या बाजूचे तापमान ४५ अंशांवर गेले, तर संगणक बंद करा.

३. मागची फट २ सें.मी., ५ सें.मी. व १० सें.मी. ठेवून मागच्या तापमापकाची नोंद करा. कोणत्या अंतरानंतर फारसा फरक पडत नाही?

प्रश्न

(अ) पेटी २०० वॉटची असेल आणि हवा ८ अंशांनीच तापावी असे वाटत असेल, तर सेकंदाला किती लिटर हवा लागेल?

(आ) वरच्या कप्प्याच्या फळ्या लाकडाऐवजी पातळ पत्र्याच्या असत्या, तर आतले तापमान वाढले असते की घटले असते? का?

(इ) तुमच्या घरातील किंवा शाळेतील पेटीची जागा मोजून तिचा आराखडा काढा. काही खर्च न करता तीत कोणती सुधारणा करता येईल, ते लिहा आणि शक्य असेल तर ती या आठवड्यातच करा.