तिथला एक प्रश्न आपला मान

पुणे

चि. ओंकार यास,


बाहेरच्या देशात जन्मून ऑस्ट्रेलियात नावारूपाला आलेल्या माणसांची तू पाठवलेली यादी मी सावकाश वाचली. यादीखाली तू एकच ओळ लिहिली आहेस : गुणी माणूस कुठेही गेला तरी नाव काढतो. ही ओळ मला पटली नाही. का पटली नाही ते सविस्तर लिहायला हवं, कारण तिच्यावर विसंबून तू पुढची काही वर्षं मेलबर्नमध्ये काढणार आहेस. त्याच यादीतली चरित्रं जरा खोलात जाऊन पाहिली, तर निराळंच काही हाती लागतं. बुद्धी आणि कष्टाळूपणा या सगळ्यांपाशी होताच. पण तितकीच बुद्धी असलेले हजारो लोक त्यांच्या आधी आणि त्यांच्याबरोबर त्या देशात उतरले होते. ज्यांच्या हातून काही उभं राहिलं, त्यांनी तिथला एखादा अडलेला प्रश्न आपला मानला, आणि त्यासाठी त्यांना पाठबळ देणारी एखादी संस्था तिथे होती. गुण, प्रश्न आणि संस्था ही तीन माणसाच्या आयुष्यात एका ठिकाणी आली की काम होतं. त्यातला गुण तू घेऊन जातो आहेस. बाकीची दोन तुला तिथे गेल्यावर शोधावी लागतील, आणि ती न शोधताही चांगल्या पगारावर तीस वर्षं निघून जाऊ शकतात.

वीणा सहजवाला यांचंच उदाहरण घे. जन्म मुंबईचा, आयआयटी कानपूरमधून धातुशास्त्राची पदवी, पुढे कॅनडा आणि अमेरिकेत शिक्षण, आणि मग ऑस्ट्रेलिया. पोलाद हा त्यांचा विषय. भंगारापासून पोलाद करण्याच्या विजेच्या भट्टीत वितळलेल्या धातूवर स्लॅगचा, म्हणजे मळीचा थर येतो. या मळीला फेस यावा लागतो. फेसाचा जाड थर आला की भट्टीतली उष्णता आत राहते आणि वीज वाचते. तो फेस यावा म्हणून कोकची पूड आत फुंकतात. तिच्यातल्या कार्बनची मळीतल्या लोह-ऑक्साइडशी क्रिया होऊन वायू सुटतो आणि मळी फुगते. सहजवालांनी पाहिलं, की कार्बनच हवा असेल तर तो टाकाऊ टायरच्या रबरातही भरपूर आहे, शिवाय रबरातला हायड्रोजनही या क्रियेला मदत करतो. न्यू साऊथ वेल्स विद्यापीठातल्या त्यांच्या प्रयोगांतून कोकच्या काही भागाऐवजी रबराचा चुरा वापरण्याची पद्धत तयार झाली, सिडनी आणि मेलबर्नच्या पोलाद कारखान्यांनी ती उचलली, आणि लाखो टायर जमिनीत पुरले जाण्याऐवजी भट्टीत गेले. २०१८मध्ये त्यांच्याच केंद्राने विद्यापीठाच्या आवारात टाकाऊ इलेक्ट्रॉनिक वस्तूंपासून उपयोगी पदार्थ वेगळे करणारा छोटा कारखाना सुरू केला. मुंबईत कुठलीही वस्तू सहसा वाया जात नाही, ही लहानपणी पाहिलेली गोष्ट त्या आवर्जून सांगतात. ती नजर त्यांनी इथून नेली हे खरं, पण टायरचे ढीग तिथले होते, भट्ट्या तिथल्या होत्या आणि आपली चालू भट्टी या प्रयोगाला देणारे कारखानदारही तिथलेच होते.

आता गुस्ताव नॉसल. १९३१मध्ये ऑस्ट्रियात जन्म. नाझींनी तो देश गिळल्यावर १९३९मध्ये त्यांचं कुटुंब ऑस्ट्रेलियात आलं, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. सिडनीत वैद्यकीचं शिक्षण घेऊन ते मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल संस्थेत गेले. संस्थेचे संचालक मॅकफार्लेन बर्नेट यांनी त्याच सुमारास मांडलं होतं, की शरीरात प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशी वेगवेगळ्या असतात, आणि आलेल्या जंतूला जुळणारी पेशी तेवढी वाढते. हे खरं असेल तर एक पेशी एकाच प्रकारची प्रतिपिंडं करणार. पण ते दाखवायचं कसं? नॉसल आणि त्या वेळी मेलबर्नला आलेले अमेरिकी शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी उंदरांना साल्मोनेला जंतूंचे दोन प्रकार टोचले, मग त्या उंदरांची एकेक पेशी तेलाखालच्या इवल्याशा थेंबात वेगळी ठेवली आणि त्या थेंबात वळवळणारे जिवंत जंतू सोडले. पेशीने त्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडं केली असतील तर जंतू जागच्या जागी थिजतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, की एक पेशी एका प्रकारच्या जंतूला थांबवते किंवा दुसऱ्या प्रकारच्या. दोन्हींना थांबवत नाही. १९५८मध्ये हे प्रसिद्ध झालं. तेव्हा नॉसल सत्तावीस वर्षांचेही नव्हते. पुढे १९६५मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्याच संस्थेचं संचालकपद त्यांच्याकडे आलं आणि १९९६पर्यंत राहिलं. निर्वासित मुलाला शाळा मिळाली, विद्यापीठ मिळालं, प्रयोगशाळेत आपल्या संचालकाचाच सिद्धांत पारखून बघण्याची मोकळीक मिळाली. या साखळीतली एक कडी निखळली असती, तर तेवढ्याच बुद्धीचा एक डॉक्टर सिडनीच्या एखाद्या उपनगरात दवाखाना चालवत बसला असता.

शल्यचिकित्सक व्हिक्टर चँग शांघायला जन्मले आणि शाळकरी वयात सिडनीला आले. सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात १९६८मध्ये हृदयरोपण होऊन गेलं होतं, पण परकं हृदय शरीर स्वीकारत नसल्यामुळे ते काम थांबलं होतं. सायक्लोस्पोरिन हे औषध आल्यावर चँग यांनी तिथेच तो कार्यक्रम पुन्हा उभा केला. १९८४मध्ये फिओना कूट ही चौदा वर्षांची मुलगी त्यांच्या पहिल्या रुग्णांपैकी एक होती. यॉर्कशायरच्या कोळसा खाणकामगाराची मुलगी, शल्यचिकित्सक फिओना वुड १९८७मध्ये पर्थला आल्या. भाजलेल्यांसाठी रुग्णाचीच त्वचा वाढवून लावायला तीन आठवडे लागत, आणि जखम जितके दिवस उघडी तितके व्रण खोल. वुड आणि त्यांच्या सहकारी मारी स्टोनर यांनी पेशी फवारण्याची पद्धत बसवली आणि ही मुदत पाच दिवसांवर आणली. २००२मध्ये बालीतल्या बाँबस्फोटात भाजलेले २८ जण रॉयल पर्थ रुग्णालयात आले, तेव्हा त्यांना सांभाळू शकणारी तुकडी तिथे तयार होती, कारण ती काही वर्षांपासून त्याच एका प्रश्नावर काम करत होती.

तू म्हणशील, यातले कित्येक जण लहानपणीच तिकडे गेले. मग त्यांचा जन्म कुठे झाला याला काय अर्थ? प्रश्न रास्त आहे. अक्षय वेंकटेश दिल्लीत जन्मले, पण दोन वर्षांचे असताना पर्थला गेले. सोळाव्या वर्षी तिथल्या विद्यापीठाची पदवी घेतली आणि २०१८मध्ये गणिताचं फील्ड्स पदक मिळवलं. लिसा स्थळेकर तर आपल्या पुण्याच्या. १९७९मध्ये जन्म, ससून रुग्णालयाशी जोडलेल्या ‘श्रीवत्स’ अनाथालयातून हरेन आणि स्यू स्थळेकर या दांपत्याने दत्तक घेतलं, आणि अमेरिका, केनिया करत त्या सिडनीत वाढल्या. क्रिकेटचं वेड वडिलांचं. महिला एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी असा दुहेरी टप्पा गाठणाऱ्या त्या पहिल्या. २०१३मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर विश्वचषक जिंकून त्या निवृत्त झाल्या. ससूनच्या पाळण्यातल्या त्या मुलीत गुण होतेच, पण त्या काळी आपल्याकडे मुलीच्या हातात बॅट देऊन तिला राष्ट्रीय संघापर्यंत नेणारी वाट किती अरुंद होती हे तुला ठाऊक आहे. म्हणजे लहानपणी गेलेल्यांची उदाहरणं माझं म्हणणं खोडत नाहीत, संस्थेची बाजू अधिकच पक्की करतात. आणि सहजवाला, वुड किंवा आंध्र प्रदेशात जन्मून १९९०मध्ये कॅनबेराच्या राष्ट्रीय विद्यापीठात जाऊन नॅनोतारांचं संशोधन उभं करणारे चेन्नुपती जगदीश, हे तर पूर्ण शिकून, प्रौढ वयात गेलेले लोक आहेत. तू त्यांच्या वाटेने निघाला आहेस.

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. यादी नेहमी जिंकलेल्यांचीच असते. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या छावण्यांतून जे विस्थापित ऑस्ट्रेलियाने नेले, त्यांना सरकार सांगेल तिथे दोन वर्षं काम करण्याचा करार होता. त्यांच्यातल्या डॉक्टरांनी रुग्णालयात वॉर्डबॉयची कामं केली, कारण त्यांच्या पदव्या तिथे मानल्या जात नव्हत्या. १९४९ ते १९७४ या काळात झालेल्या स्नोई पर्वतातल्या जलविद्युत प्रकल्पावर एक लाखाहून अधिक माणसं राबली, त्यातली जवळपास दोन तृतीयांश परदेशातून आलेली, तीसहून अधिक देशांतली. सोळा धरणं, सात वीजगृहं आणि १२१ मृत्यू. प्रकल्पाचे आयुक्त विल्यम हडसन, जन्माने न्यूझीलंडचे, यांचं नाव तुझ्या यादीत आहे. बोगद्यात मेलेल्यांची नावं नाहीत. म्हणून यादी वाचून आपणही त्यात जाऊ असं गृहीत धरू नकोस. पण या आक्षेपातून प्रयत्न फुकट असतो असंही निघत नाही. त्या डॉक्टरांना गुण होते, प्रश्नही समोर होते. अडवलं ते संस्थांनी. त्यांची हानी झाली आणि देशाचीही झाली. म्हणून मी तुला पुन्हा पुन्हा सांगते, की नुसत्या स्वतःच्या हुशारीवर भिस्त ठेवू नकोस. तुझी पदवी तिथे कोण मानतं, कुठलं मंडळ नोंदणी देतं, कुणाच्या हाताखाली काम शिकायला मिळतं, हे आधी बघ.

तिसरी गोष्ट भेदभावाची. ती लपवून तुला पाठवणं मला बरोबर वाटत नाही. १९०१ साली देश एकसंध झाला आणि त्याच वर्षी गोरेतरांना बाहेर ठेवणारा कायदा आला. नको असलेल्या माणसाला ५० शब्दांचा उतारा कुठल्याही युरोपीय भाषेत लिहून घ्यायला लावत. १९३४मध्ये अनेक भाषा येणाऱ्या एगॉन किश या लेखकाला स्कॉटिश गेलिकमधून परीक्षा देऊन अडवण्याचा प्रयत्न झाला. ही परीक्षा १९५८पर्यंत कायद्यात होती. आणि हे लक्षात ठेव, की बाहेरून आलेला माणूस आपोआप उदार होत नाही. पंतप्रधान बिली ह्यूज लंडनला जन्मले होते. १९१९च्या पॅरिस परिषदेत जपानने वांशिक समानतेचं कलम सुचवलं तेव्हा त्याला सर्वांत कडवा विरोध त्यांनीच केला. मागून येणाऱ्यांसाठी दार लावून घेणाऱ्यांतले ते होते. चित्र नंतर बदललं. १९७७मध्ये होडीतून डार्विनला पोहोचलेले व्हिएतनामी निर्वासित ह्यू व्हॅन ले २०१४मध्ये साऊथ ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. तरी २००९मध्ये मेलबर्नला भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, तेही याच काळात. अपमान झाला तर गिळू नकोस, तक्रार कर. आणि आपल्या घोळक्यात बसून तिथल्या मूळ रहिवाशांबद्दल किंवा दुसऱ्या देशांतून आलेल्यांबद्दल कुणी हलकं बोलत असेल, तर तिथेही गप्प बसू नकोस. त्या भूमीवर मूळ रहिवासी हजारो पिढ्या राहत आले आहेत; त्यांच्या हिशेबाने बाकी सगळेच नवखे.

तुझ्या आईच्या मनातला आक्षेप मात्र वेगळा आहे : इथे शिकलेला मुलगा तिकडचे प्रश्न सोडवणार, मग इथले कुणी सोडवायचे? याला माझं उत्तर असं, की प्रश्न नीट निवडला तर तो सहसा एकाच देशाचा नसतो. चँग यांनी आशियातल्या गरीब रुग्णांना परवडेल अशी हृदयाची कृत्रिम झडप बनवण्यासाठी धडपड केली आणि आशियाई शल्यचिकित्सक तयार केले. तुझा विषय पाणी आणि माती आहे. मरे-डार्लिंग नद्यांच्या खोऱ्यात खोल मुळांची झाडं तोडली गेली, वर कालव्याचं पाणी दिलं, भूजल वर चढलं आणि त्याबरोबर जमिनीतलं मीठ वर आलं. आपल्याकडे शिरोळ-मिरज भागात उसाला बेसुमार पाणी देऊन क्षारपड झालेल्या जमिनी याच जातीच्या आहेत. तिथल्या शेतकऱ्यांनी, अभियंत्यांनी आणि सरकारने यावर काय केलं, कुठे चुकले, कुठे जमलं, हे कुणीतरी हाताने काम करून शिकलं पाहिजे.

२०२१च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियातले २७.६ टक्के लोक देशाबाहेर जन्मलेले होते, आणि त्यांत इंग्लंडनंतर दुसरा क्रमांक भारतात जन्मलेल्यांचा, जवळपास पावणेसात लाख. त्यामुळे तुला एकटं वाटणार नाही. गणपती, दिवाळी, घर वाटून घ्यायला मराठी मित्र, सगळं मिळेल. धोका उलटा आहे. पीआरचे, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याचे गुण, त्यासाठी सोपी पडणारी नोकरी, मग घराचं कर्ज, आणि चर्चा फक्त कुठल्या उपनगरात घरं स्वस्त आहेत याची. या चाकोरीत पडलास तर तो देश तुला राहायला जागा देईल, काम देणार नाही. पीआर घे, घरही घे, त्यात वावगं काही नाही. पण पहिल्या सेमिस्टरमध्ये चार असाइनमेंट कमी चकचकीत झाल्या तरी चालतील. एखाद्या प्राध्यापकाच्या मागे लागून मरेच्या काठावरच्या शेतात जाऊन ये, मातीचे नमुने घे, तिथल्या शेतकऱ्याशी बोल. नोकरी निवडताना पगाराच्या आधी विचार, की इथे कोण शिकवणार आहे आणि कशावर काम आहे.

सेमिस्टर संपायच्या आत मला एक पत्र लिही. त्यात घराचं, जेवणाचं, हवेचं दोन ओळींत उरक, आणि तू आपला मानलेला तिथला एक प्रश्न काय आहे, त्यावर आजवर कुणी काय केलं आहे आणि तू कुणाकडे शिकतो आहेस, हे पानभर लिही.

तुझी,
आत्या