इंग्रजी परीक्षेतील अडणाऱ्या जागा : थोडे व्याकरण, थोडे ऐकणे



शेतकी विभागाच्या या पानावर एरवी आपण बेणे, खते, पाणी आणि खोडव्याची निगा यांविषयी वाचता. या वेळी विषय इंग्रजीचा आहे. ऊस विकास अधिकाऱ्याला हा उद्योग कोणी सांगितला, असे काहींच्या मनात येईल. म्हणून आधी त्याचे कारण सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आडसाली लागणीच्या नोंदी घेत आम्ही एका सभासदांच्या वस्तीवर गेलो होतो. नोंद झाली, चहा झाला. तेवढ्यात त्यांची थोरली मुलगी कागदांचा गठ्ठा घेऊन बाहेर आली. मुलगी नर्सिंगची पदवी घेतलेली, चार वर्षे रुग्णालयात नोकरी केलेली. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी व्हावी म्हणून तिने आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली होती. तिथल्या नोंदणीसाठी ऐकणे, वाचणे आणि बोलणे यांत प्रत्येकी ७ आणि लिहिण्यात ६.५ गुण लागतात. हिचे बाकी सगळे जमले, ऐकण्यात मात्र ६.५ वर गाडी थांबली. अर्ध्या गुणासाठी पुन्हा परीक्षा आणि पुन्हा फी. फी म्हणजे पाच-सहा टन उसाचे बिल, आणि वडिलांचे सारे क्षेत्र दीड एकर. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही इंग्रजीत पत्रव्यवहार करता. जरा बघा हिचं कुठं चुकतंय."

आमचे इंग्रजी कृषी पदविकेपुरते. पण तिने घरी सोडवलेल्या सरावाच्या प्रश्नपत्रिका चाळल्या आणि लक्षात आले, की या चुका आमच्या ओळखीच्या आहेत. आम्हीही त्याच करत आलो. त्यानंतर गावातले इंग्रजीचे निवृत्त गुरुजी आणि आम्ही मिळून दर रविवारी सकाळी गट कार्यालयात बसू लागलो. आज अकरा मुले-मुली येतात. काही जण बँकेच्या व स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आहेत. त्यांना व्याकरण सरळ विचारतात. आयईएल्टीएसमध्ये व्याकरणाची वेगळी प्रश्नपत्रिका नाही, पण ऐकण्याच्या प्रश्नांत ते लपून बसलेले असते. म्हणून दोन्ही एकत्रच घेतो.

पहिली जागा 'पर्यंत'ची. "रोपं शुक्रवारपर्यंत येतील" आणि "रोपं शुक्रवारपर्यंत ठेवू" या दोन्ही वाक्यांत आपला 'पर्यंत' एकच. इंग्रजीत मात्र दोन वेगळे शब्द लागतात. एखादी गोष्ट त्या दिवसाच्या आत एकदाच घडायची असेल, तर 'बाय फ्रायडे'. एखादी स्थिती त्या दिवसापर्यंत चालू राहायची असेल, तर 'अंटिल फ्रायडे' किंवा 'टिल फ्रायडे'. यावर आमचाच एक किस्सा आहे. काही वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेच्या माणसाने फोनवर इंग्रजीत सांगितले, "वी विल कीप द सीडलिंग्ज अंटिल फ्रायडे." आम्ही डोक्यात मराठी केले, 'शुक्रवारपर्यंत', आणि समजलो की शुक्रवारपर्यंत रोपे तयार होतील. शनिवारी ट्रॅक्टर पाठवला. रोपे शुक्रवारी संध्याकाळी दुसऱ्याला गेली होती. सरी सोडून, पाणी देऊन बसलेल्या तीन सभासदांनी आम्हाला काय ऐकवले ते इथे छापण्यासारखे नाही. रोपवाटिकेचा त्यात काही दोष नव्हता.

'पासून'चेही असेच. "सोमवारपासून" आणि "पाच वर्षांपासून" आपण एका सुरात म्हणतो, म्हणून मुले 'सिन्स फाइव्ह इयर्स' लिहितात. सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स', मुदतीची लांबी सांगायची असेल तर 'फॉर'. सिन्स मंडे, फॉर फाइव्ह इयर्स. एवढे पुरे.

आता जी चूक सर्वांत जास्त दिसते ती घेऊ. मराठी वाक्य असे : "पाऊस वेळेवर पडला असता, तर खोडवा वाचला असता." म्हणजे पाऊस पडला नाही आणि खोडवाही गेला. मराठीत 'असता' दोन्ही बाजूंना येतो. म्हणून मुलगा इंग्रजीतही दोन्ही बाजूंना 'वुड हॅव' घालतो : 'इफ इट वुड हॅव रेन्ड'. हे चूक. 'जर'च्या बाजूला 'हॅड' आणि 'तर'च्या बाजूला 'वुड हॅव' : "इफ इट हॅड रेन्ड इन टाइम, द रटून वुड हॅव सर्व्हाइव्हड." कधीकधी परीक्षेत 'इफ' गाळून 'हॅड इट रेन्ड' अशी सुरुवात करतात. मुले तो प्रश्न समजतात आणि उत्तर शोधत बसतात. घाबरण्याचे कारण नाही. वरच्या मराठी वाक्यात आपण तरी 'जर' कुठे म्हटला?

दुसरे, 'यू'ड बेटर गो'. यातला 'बेटर' पाहून मुलांना तुलना वाटते, आणि 'हॅड' पाहून भूतकाळ. दोन्ही नाही. आपण म्हणतो, "तुम्ही आता गेलेलं बरं." यात 'गेलेलं' आहे, पण अजून कोणी गेलेले नाही, 'बरं' आहे, पण कशाशी तुलना नाही. सरळ सल्ला आहे, तोही थोडा बजावून दिलेला. इंग्रजीतही अगदी तसेच. फक्त पुढे क्रियापद मूळ रूपात येते, 'टू' नाही. हे उदाहरण दिल्यापासून आमच्या वर्गात या प्रश्नाला कोणी चुकत नाही.

तिसरे, 'स्टॉप'. 'ही स्टॉप्ड टू च्यू टोबॅको' म्हणजे तंबाखू खाण्यासाठी तो थांबला. 'ही स्टॉप्ड च्यूइंग टोबॅको' म्हणजे त्याने तंबाखू सोडली. दोन वाक्यांत एवढासा फरक, पण एक माणूस बांधावर बसून मळतो आहे आणि दुसरा सुटला आहे. मराठीत आपण एकासाठी 'थांबला' आणि दुसऱ्यासाठी 'सोडली' म्हणतो. तेव्हा 'स्टॉप' दिसले की आधी स्वतःला विचारावे, इथे थांबला की सोडले?

चौथे, 'शुड हॅव'. "खत आधी द्यायला हवं होतं", म्हणजे दिले नाही. 'वी शुड हॅव बुक्ड अर्लियर' म्हणजे त्यांनी आधी नोंदणी केली नाही. कानावर मात्र ते 'शुडव बुक्ट' असे पडते. मुलाला 'बुक्ट' तेवढे ऐकू येते आणि तो 'नोंदणी केली' असे उत्तर देतो. 'यू नीडन्ट हॅव कम' म्हणजे यायची गरज नव्हती, पण गृहस्थ आलेले आहेत.

याच ओघात 'आय'ड'चे सांगतो. हा 'ड' कधी 'हॅड' असतो, कधी 'वुड'. पुढे 'गॉन' आले तर हॅड, 'गो' आले तर वुड. 'कट' या क्रियापदाची तिन्ही रूपे सारखी. म्हणून "आय'ड कट द केन" एवढेच ऐकले तर ऊस तोडला होता की तोडला असता, हे मागच्या-पुढच्या बोलण्यावरूनच ठरवावे लागते. आमच्या तोडणी मुकादमांच्या बोलण्यासारखेच म्हणायचे!

आता ऐकण्याच्या प्रश्नपत्रिकेकडे वळू. तीत ४ भाग, प्रत्येकी १० असे ४० प्रश्न असतात आणि ध्वनिफीत साधारण ३० मिनिटांची असते. पहिल्या भागात रोजच्या व्यवहारातले दोघांचे संभाषण, दुसऱ्यात एकाच माणसाचे माहितीपर बोलणे, तिसऱ्यात शिक्षणविषयक चर्चा आणि चौथ्यात व्याख्यान. ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. ७ गुणांसाठी ४० पैकी साधारण ३० उत्तरे बरोबर यावी लागतात. म्हणजे दोन-तीन उत्तरांवर कोणाचेही काम अडू शकते, आणि आमच्या या मुलीचे तसेच झाले असावे.

तिच्या सराव प्रश्नपत्रिकांत सर्वांत जास्त चुका एकाच प्रकारच्या होत्या. बोलणारा आधी एक सांगतो, मग बदलतो. उदाहरणार्थ : "लेट्स मीट ऑन ट्यूझडे. ओ, हँग ऑन, द हॉल इज टेकन. मेक इट थर्सडे." ही 'ट्यूझडे' लिहून मोकळी! आम्ही तिला विचारले, "बाई, काट्यावर भरलेली गाडी चढली की तेवढ्याच वजनाची पावती फाडतात का?" म्हणाली, "नाही, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येईपर्यंत थांबतात." मग इथेही थांबायचे. पहिला आकडा पेन्सिलीने बाजूला टिपून ठेवावा, आणि बोलणे पुढच्या प्रश्नाकडे सरकले की मगच उत्तर पक्के करावे. 'बट', 'अ‍ॅक्च्युअली', 'नो, सॉरी', 'हँग ऑन' हे शब्द कानावर आले की रिकामी गाडी काट्याकडे येते आहे असे समजावे.

आणखी एक फसवी जागा म्हणजे नकारार्थी प्रश्नाचे उत्तर. आपल्याकडे "फी भरली नाही ना?" असे विचारले तर "हो, नाही भरली" असे चालते. 'हो' म्हणजे तुमचे म्हणणे खरे. इंग्रजीत 'यू हॅवन्ट पेड द फी, हॅव यू?' याला 'नो' म्हटले तर फी भरलेली नाही, आणि 'येस' म्हटले तर भरली आहे. इंग्रज विचारणाऱ्याशी सहमती दाखवत नाही, तो फी भरली की नाही एवढेच सांगतो. हे एका मुलाला समजावता समजावता गुरुजींचा आणि आमचा अर्धा तास गेला, आणि मध्येच आम्ही दोघेही एकदा गोंधळलो, हे कबूल करतो.

आकड्यांत 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांची गफलत होते. तेरा असेल तर शेवटचा भाग लांबवून, जोर देऊन म्हणतात. तीस असेल तर जोर पहिल्या भागावर असतो. 'कॅन' आणि 'कान्ट' यांतही तेच. होकारार्थी 'कॅन' वाक्यात गिळला जातो, 'कन' एवढाच उरतो. शब्द ठसठशीत ऐकू आला तर बहुधा नकार आहे. अमेरिकन तोंडी शेवटचा 'ट' जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून जोराकडेच लक्ष द्यावे. ऑस्ट्रेलियन बोलण्यात 'टुडे' हे 'टुडाय'सारखे वाटते. ध्वनिफितीत ब्रिटिश, अमेरिकन, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे असे सगळे उच्चार येतात. (क्वीन्सलँडमध्ये ऊस अरुंद रुळांवरच्या छोट्या आगगाड्यांतून कारखान्यात जातो. मुलांना ऑस्ट्रेलियन बोलणे ऐकवायला आम्ही त्याच विषयावरची माहिती लावली. पालकही थांबून बघत राहिले.)

शेवटच्या 'स'कडे आपले हमखास दुर्लक्ष होते. आपण 'दहा टन', 'पाच फूट' म्हणतो. टन आणि फूट जागचे हलत नाहीत. म्हणून 'टेन टन्स' ऐकूनही हात 'टेन टन' लिहितो. उत्तरात 'स' हवा असताना तो नसेल तर गुण जातो. स्पेलिंग चुकले तरी जातो. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' अशी सूचना असताना 'ऑन मंडे मॉर्निंग' असे तीन शब्द लिहिले तरी गुण गेला. संगणकावरच्या परीक्षेत शेवटी उत्तरे तपासायला २ मिनिटे मिळतात, ती 'स' आणि स्पेलिंग पाहण्यातच घालवावीत.

सरावाबद्दल आमचे मत थोडे वेगळे आहे. दिवसभर कानात यंत्र घालून इंग्रजी गाणी-सिनेमे ऐकत फिरल्याने फारसे काही होत नाही. पाट भरून पाणी सोडले म्हणून मुळाशी पोचतेच असे नाही. दोन मिनिटांचा तुकडा घ्यावा, एकदा ऐकून जमेल तेवढा शब्दशः लिहावा, दुसऱ्यांदा ऐकून गाळलेले भरावे, मग छापील मजकुराशी ताडून पाहावे. चूक दिसली की कान चुकला की व्याकरण चुकले, ते समासात लिहावे. 'शुडव' ऐकू आलेच नाही, ही कानाची चूक. ऐकू आले पण अर्थ उलटा घेतला, ही व्याकरणाची. दोन्हींवर इलाज वेगळा. या मुलीने अशी वही दोन महिने रोज रात्रपाळीहून आल्यावर लिहिली. सुरुवातीला पानभर असणाऱ्या चुका आता चार-पाच ओळींत मावतात. 'पर्यंत' मात्र अजून एखाद्या वेळी चुकतो, तिचाही आणि आमचाही.

वर्ग रविवारी सकाळी ८ ते १० असतो. फी नाही. वही आणि कानाला लावायचे यंत्र स्वतःचे आणावे. इतर गटांतील सभासदांना आपली मुले-मुली पाठवायची असतील तर आपल्या चिटबॉयकडे नाव द्यावे. गळीत सुरू झाल्यावर आमची वेळ मागेपुढे होईल, तेव्हा गुरुजी एकटे वर्ग घेतील. त्या मुलीची दुसरी परीक्षा पुढच्या महिन्यात १९ तारखेला आहे. खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाचा राहिलेला लेख पुढील अंकी.