आधी टाकी, मग हिरवळ

मनमाडमध्ये नवं घर बांधणारं कुणी बागेबद्दल विचारायला आलं, की मी आधी त्यांच्या टाकीची चौकशी करते. किती लिटरची आहे, आणि नळाच्या दोन पाळ्यांमधले दिवस ती पुरते का? झाडांची नावं त्यानंतर.

इथलं पाणी कुठून येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण बाग आखताना कुणाच्या मनात येत नाही. पालखेडच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटायचं, ते पाटोद्याच्या साठवण तलावात घ्यायचं, तिथून वागदर्डी धरणात उपसायचं आणि मग नळाला. पंधरा-वीस दिवसांनी एकदा पाणी, असे उन्हाळे या गावानं किती काढलेत! इगतपुरीला धो धो कोसळणारा पाऊस आपल्याकडे येईस्तोवर विरळ होतो. करंजवण धरणातून पाणी आणायच्या योजनेवर सगळ्यांची आशा आहे, माझीही. तरी इतक्या लांबून आणलेलं पिण्याचं पाणी गवताला घालू नये, असं मला ठामपणे वाटतं.

आमच्या पुढच्या अंगणात पाचेकशे चौरस फूट मेक्सिकन लॉन होतं. पावसाळ्यात बसवलं आणि दिवाळीपर्यंत डोळे निवावेत असं राहिलं. बसवून देणाऱ्यानं जाताना सांगितलं, "ताई, सकाळ-संध्याकाळ पाणी मारत जा, बाकी काही नाही." त्या 'बाकी काही नाही'चा हिशोब असा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात गवत दिवसाला 5-6 मिलिमीटर पाणी ओढतं. 500 चौरस फूट म्हणजे साधारण 46 चौरस मीटर. म्हणजे रोज जवळपास 250 लिटर. शहरात माणशी 135 लिटर पाणी धरतात, त्या मापानं घरात दोन माणसं वाढली. पंधरा दिवसांचे पावणेचार हजार लिटर होतात, आणि तेवढं पाणी बाजूला काढता येईल अशी टाकी आपल्यापैकी किती जणांकडे असते?

मग बोअर. आमच्या बोअरचं पाणी खारवट. महिन्याभरात मातीवर पांढरा थर आला, गवताची टोकं करपली. पाणी दिल्यानंही झाड मरतं हे पटायला वेळ लागतो, पण साचलेल्या क्षारांमुळे मुळांना ओल असूनही पाणी ओढता येत नाही. म्हणून बोअरचं पाणी आणि बागेची माती, दोन्ही आधी माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेतून तपासून घ्या. क्षार आणि सामू हे दोन आकडे पुरेसं सांगतात. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत जास्वंद आणि लिंबाची पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. तिथे लोह मातीत असतं, झाडाला मिळत नाही. अशा वेळी जास्त पाणी देऊ नका. चिलेटेड लोह द्या.

सगळ्यात मोठं नुकसान शेणखतानं केलं, आणि याबद्दल फार कमी लोक बोलतात. लॉनखाली अंथरायला ट्रॉलीभर खत आलं ते अर्धवट कुजलेलं. त्यातून हुमणी आली आणि लव्हाळाही आला. हुमणीच्या पांढऱ्या अळ्या मुळं कुरतडतात. गवताचे पिवळे पट्टे पडतात आणि हातानं ओढलं की सतरंजीसारखं अख्खं उचलून येतं. वळवाचा पहिला पाऊस झाला की हिचे भुंगेरे तिन्हीसांजेला कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. तेव्हाच फांद्या हलवून ते गोळा करावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत, पुढचा त्रास पुष्कळ कमी होतो. लव्हाळा त्याहून चिवट. वरून उपटला तर जमिनीतल्या गाठीतून पुन्हा फुटतो, गाठीसकट खणल्याशिवाय सुटका नाही. खत घेताना मूठभर हातात घ्या. काळं, भुसभुशीत, शेणाचा वास गेलेलं असेल तरच ट्रॉली रिकामी करू द्या.

ते लॉन आम्ही काढलं. त्याच जागेत आज शेवगा, सीताफळ, कढीपत्ता, पारिजातक, तगर आणि कुंपणाला बोगनवेल आहे. पहिली दोन वर्षं त्यांना जपावं लागलं. प्रत्येक आळ्यात तीन-चार बोटं जाड पालापाचोळा अंथरला, रोपाशेजारी मडकं पुरलं, त्याच्या बुडाच्या भोकात सुती वात घातली. कण्हेर कमी पाण्यावर बारमाही फुलते, पण तिचा सगळा भाग विषारी. लहान मुलं किंवा शेळ्या असलेल्या घरात मी ती सुचवत नाही.

परवा शेजारची नवी सून म्हणाली, "काकू, थोडी तरी हिरवळ हवीच हो, बाळ खेळेल." मलाही ते पटतं. तिला सांगितलं, "दहा बाय दहात हरळी लाव गं, आणि तिला न्हाणीचं पाणी दे." चार माणसांच्या आंघोळीचं ऐंशीएक लिटर पाणी रोज गटारात जातं, त्यावर एवढा तुकडा तगतो. कपडे विसळल्याचं पाणी कर्दळीला, केळीला चालतं. पावडरचं पहिलं फेसाळ पाणी नको आणि पालेभाजीला यातलं काहीच नको. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर वाया जाणारं धरूनही सातेक हजार लिटर हाती लागतं. ते टाकीत किंवा बोअरच्या शोषखड्ड्यात घ्या.

साठवण वाढली की डासांकडे लक्ष हवं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडते. आपल्या नळाची पाळी त्याहून लांब. ड्रमला घट्ट फडकं बांधा, कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या करा.

आत्ता घर बांधत असाल, तर प्लंबर असतानाच न्हाणीची आणि संडासाची नळी वेगळी काढून घ्या. नंतर फरशी फोडावी लागते. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून मोठं झाड भिंतीपासून दहा-बारा फूट दूर धरा. खड्डे मे महिन्यात घ्या, दोन-दोन फूट, आणि ऊन खाऊ द्या. रोपं मात्र दोन चांगले पाऊस झाल्यावरच लावा. पहिल्या सरीला भुलून लावलेली रोपं जूनच्या उघडिपीत जातात.