दाद मागण्याआधी तारीख पाहा

संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीत अन्याय झाला म्हणून दाद मागणाऱ्या कर्मचाऱ्यांची कायदेशीर बाजू सांभाळताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसत आली. बाजू खरी असूनही जी अपिले बुडतात, ती सुनावणीच्या दिवशी बुडत नाहीत. वकिलाकडे कागद येण्यापूर्वीच बुडालेली असतात. कुणी चार महिने वरिष्ठांना विनवण्या करण्यात घालवलेले असतात, कुणी तीस पानांची कैफियत लिहिलेली असते, पण नेमका कोणता आदेश रद्द करून हवा हे तिच्यात कुठेच नसते. आज नैरोबी, जिनिव्हा, न्यूयॉर्क, दिल्ली इथल्या कार्यालयांत आणि आफ्रिकेतल्या शांतिमोहिमांत मराठी अभियंते, डॉक्टर, हिशेबनीस काम करतात. त्यांतले अनेक जण भारतीय सेवाकायद्याच्या सवयी बरोबर घेऊन जातात, आणि त्या सवयीच तिथे घात करतात. म्हणून अनुभवाचा निष्कर्ष आधीच सांगतो: अंतर्गत न्यायव्यवस्था तुमच्या दुःखाचा निवाडा करत नाही. ती एका ठरावीक तारखेच्या एका ठरावीक निर्णयाची कायदेशीरता तपासते. तुमचे दुःख त्या निर्णयाच्या चौकटीत आणि मुदतीच्या आत मांडणे, हेच या कामातले खरे वकिलीपण आहे.

ही चौकट इतकी महत्त्वाची का, याचे उत्तर संस्थेच्या कायदेशीर स्थानात आहे. 1946 च्या विशेषाधिकार व संरक्षण करारामुळे संयुक्त राष्ट्रांना सदस्य देशांच्या न्यायालयांत खेचता येत नाही. भारताने त्यासाठी 1947 मध्ये स्वतंत्र कायदाच केला. दिल्लीच्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्याला कामगार न्यायालय नाही आणि उच्च न्यायालयातली रिट याचिकाही नाही. त्या बदल्यात संस्थेने आपल्या माणसांसाठी न्यायाची सोय स्वतः करायची, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1954 च्या सल्लागार मतात मान्य केले. जगाला स्वातंत्र्य आणि न्याय सांगणाऱ्या संस्थेने स्वतःच्या कर्मचाऱ्यांना दाद मागायला जागाच ठेवू नये, हे सनदेच्या हेतूशी विसंगत ठरेल, असा त्या मताचा आशय होता. आजची व्यवस्था 1 जुलै 2009 पासूनची आहे: पहिल्या पायरीवर न्यूयॉर्क, जिनिव्हा आणि नैरोबी इथे बसणारे डिस्प्यूट ट्रिब्युनल आणि त्यावर अपील्स ट्रिब्युनल. त्याआधीच्या पद्धतीत पहिल्या पायरीवर सहकारी कर्मचाऱ्यांची मंडळे केवळ शिफारस करत. आता तिथेही व्यावसायिक न्यायाधीश बंधनकारक निकाल देतात. ही मोठी सुधारणा आहे. पण दार एकच आहे, आणि ते चुकले तर शेजारी दुसरे नाही.

त्या दाराची पहिली पायरी म्हणजे मॅनेजमेंट इव्हॅल्युएशन, निर्णयाच्या फेरतपासणीची लेखी मागणी. निर्णय कळल्यापासून साठ दिवसांत ती करावी लागते. शनिवार, रविवार, रजा सगळे त्यात धरून. शिस्तभंगाच्या चौकशीअंती झालेल्या शिक्षेला ही पायरी लागत नाही, बाकी जवळपास सगळ्याला लागते. प्रशासनाने न्यूयॉर्कमध्ये तीस आणि इतरत्र पंचेचाळीस दिवसांत उत्तर द्यायचे असते. उत्तर आले तर त्या दिवसापासून, न आले तर ती मुदत संपल्यापासून नव्वद दिवसांत ट्रिब्युनलमध्ये अर्ज. यातला कळीचा मुद्दा असा की नव्वद दिवसांची मुदत अपवादात्मक परिस्थितीत न्यायाधीश शिथिल करू शकतात, साठ दिवसांची नाही. तसे करण्यास त्यांच्या कायद्यानेच त्यांना मनाई केली आहे. आपल्याकडे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात किंवा महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे ‘मॅट’मध्ये, एक वर्षाची मुदत असते आणि सबळ कारण दाखवून विलंबमाफी मागता येते. त्या हिशेबाने वागणारा माणूस ‘आधी निवेदन देऊ, उत्तर येऊ दे’ म्हणत थांबतो. पण त्याच निर्णयावर पुन्हा पुन्हा विचारणा केल्याने आणि प्रशासनाने पुन्हा पुन्हा तेच उत्तर दिल्याने मुदत नव्याने सुरू होत नाही, हे अपील्स ट्रिब्युनलने 2010 पासून वारंवार सांगितले आहे. करार वाढवणार नाही असा ईमेल आला की दिवस तेव्हापासून मोजायचे, कराराच्या शेवटच्या दिवसापासून नव्हे.

दुसरा खड्डा निर्णय ओळखण्याचा. ‘वरिष्ठ मला दोन वर्षे डावलत आहेत’ हा अन्याय असेल, पण तो आव्हान देण्याजोगा निर्णय नाही. ‘अमुक तारखेच्या पत्राने माझी अमुक पदासाठी निवड नाकारली’ हा निर्णय आहे. ट्रिब्युनलला असा निर्णय लागतो, जो एकतर्फी घेतला गेला, तुमच्या एकट्यावर लागू झाला आणि ज्याचा तुमच्या नेमणुकीच्या अटींवर थेट परिणाम झाला. छळाच्या बाबतीत तर क्रम पाळावाच लागतो. आधी नियमांप्रमाणे औपचारिक तक्रार करायची. तिची चौकशी नाकारली किंवा गैरपद्धतीने केली, तर तो नकार अथवा तो निष्कर्ष हा आव्हानाचा विषय होतो. मी अशा कैफियती वाचताना पहिल्या पानावर एकच वाक्य शोधतो: कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या नियमाविरुद्ध काय ठरवले. ते वाक्य सापडत नसेल, तर उरलेली पाने कितीही कळकळीने लिहिलेली असोत, ती न्यायाधीशांच्या उपयोगाची नसतात. फेरतपासणीच्या मागणीत जो निर्णय नमूद केला नाही, तो पुढे ट्रिब्युनलपुढे नव्याने आणताही येत नाही.

तिसरी गोष्ट पुराव्याची. प्रशासनाची कृती नियमाला धरून झाली असावी, असे गृहीतक इथे प्रारंभी असते. पदोन्नतीच्या वादात आपल्या उमेदवारीचा पूर्ण आणि न्याय्य विचार झाला, एवढे प्रशासनाने किमान दाखवले की ओझे कर्मचाऱ्यावर येते. पक्षपात झाला असे म्हणणाऱ्याने तो ठोस पुराव्याने दाखवायचा. ‘साहेबांनी शब्द दिला होता’ याला इथे किंमत नाही. करार वाढेल अशी अपेक्षा ठेवायला लेखी आणि स्पष्ट आश्वासन लागते. मानसिक त्रासाबद्दल भरपाई हवी असेल तर त्रासाचा पुरावा द्या, ही अट महासभेने 2014 च्या अखेरीस कायद्यात घातली. केवळ ‘मी खचलो’ हे वाक्य पुरत नाही. उलट दिशेनेही नियम आहे: गैरवर्तनाबद्दल बडतर्फ करायचे असेल, तर संस्थेने ते स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने सिद्ध करायला हवे. म्हणून माझा सल्ला असा की तोंडी बोलणे झाले की त्याच दिवशी सौम्य भाषेत ‘आज आपण असे म्हणालात असे मला समजले’ एवढा ईमेल पाठवावा आणि घटनांची तारीखवार नोंद ठेवावी. मात्र गोपनीय फायली उचलून घरी नेऊ नयेत; पुराव्याच्या नादात स्वतःवरच शिस्तभंगाचे प्रकरण ओढवून घेण्यात अर्थ नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. तारखेच्या तांत्रिकतेवर खरा अन्याय बाहेर ठेवणे हा कसला न्याय? त्यातही प्रशासनाने उत्तराची मुदत चुकवली तर त्याला दंड नाही, कर्मचाऱ्याने चुकवली तर सगळे संपले. ही विषमता मला मान्य आहे आणि ती बदलावी असे माझे मत आहे. पण मुदतीमागे कारणही आहे. निवड झाली की दुसरा माणूस त्या पदावर रुजू होतो, अधिकारी बदलून दुसऱ्या देशात जातात, आठवणी पुसट होतात. कारण पटो न पटो, जो नियम न्यायाधीशालाही वाकवता येत नाही, त्याच्याशी तात्त्विक भांडण अपिलाच्या अर्जात करून उपयोग नाही. ते कर्मचारी संघटनेच्या आणि महासभेच्या व्यासपीठावर करावे, आणि अर्ज मुदतीत द्यावा.

दुसरा आक्षेप समजूतदारांचा: आधी बोलून मिटवावे, कागदोपत्री भांडणाने नाते तुटते. बोलून मिटवणे चांगलेच. त्यासाठी संस्थेत ओम्बुड्समन आणि मध्यस्थीची स्वतंत्र सेवा आहे आणि तिचा उपयोग करावा असे मी आवर्जून सांगतो. पण ओम्बुड्समनकडे गेल्याने साठ दिवसांचे घड्याळ आपोआप थांबत नाही. मुदत वाढवून हवी तर ती ओम्बुड्समनमार्फत चाललेल्या प्रयत्नांसाठी महासचिवांकडून मिळवावी लागते. म्हणून बोलणी आणि मुदतीतला अर्ज हे एकमेकांचे शत्रू नाहीत. अर्ज दिला की बोलणी निर्धास्त चालतात. राहिली सूडाची भीती. ती निराधार नाही, विशेषतः एकेक वर्षाच्या करारावर असलेल्यांसाठी. पण गप्प राहिल्याने करार वाढतो असेही नाही, आणि तक्रार केल्याची नोंद लेखी असेल तरच नंतरचा सूड सिद्ध करता येतो.

जिंकल्यावर काय मिळते, हेही आधीच समजून घ्यावे. न्यायाधीश प्रशासनाच्या जागी बसून ‘यालाच नेमा’ असे सांगत नाहीत. निर्णय नियमबाह्य, अविवेकी किंवा प्रमाणाबाहेर होता का, एवढेच पाहतात. नेमणूक, बढती वा सेवासमाप्तीचा निर्णय रद्द झाला, तरी संस्थेला त्याऐवजी रक्कम देण्याचा पर्याय असतो. भरपाई साधारणपणे दोन वर्षांच्या निव्वळ मूळ वेतनापलीकडे जात नाही आणि दंडात्मक भरपाई नाहीच. निर्णय अमलात येण्याआधी तो थांबवायचा असेल, तर फेरतपासणी चालू असतानाच स्थगिती मागता येते. पण निर्णय सकृद्दर्शनी बेकायदा, तातडी खरी आणि नुकसान भरून न येणारे, हे तिन्ही दाखवावे लागते. म्हणूनच कर्मचाऱ्यांसाठीचे कायदेशीर साहाय्य कार्यालय काही प्रकरणांना नकार देते, तेव्हा त्याचा राग धरू नये. टिकणार नाही अशा दाव्यात कर्मचाऱ्याची दोन वर्षे वाचवणे हेही वकिलाचेच काम आहे. बाहेरचा नामांकित वकील करायचा तर त्याचा खर्च बहुधा परत मिळत नाही आणि देशातल्या न्यायालयांचा अनुभव इथे अपुरा पडतो, हेही ध्यानात ठेवावे.

सगळ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचे नियम एकसारखे नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांची शेवटची दाद जिनिव्हातल्या कामगार संघटनेच्या न्यायाधिकरणात असते आणि तिथे अंतिम निर्णयानंतर नव्वद दिवस मिळतात. जागतिक बँकेचे न्यायाधिकरण वेगळे. सल्लागार किंवा प्रशिक्षणार्थी म्हणून असाल, तर यांतले दार तुम्हाला बहुधा उघडेच नसेल आणि करारात लवादाचे कलम आहे का ते पाहावे लागेल. तेव्हा नेमणूकपत्र हातात येईल त्याच आठवड्यात आपल्या संस्थेचा अपिलाचा नियम काढून वाचा. प्रतिकूल पत्र आले, तर उत्तर लिहायला बसण्याआधी ते मिळाल्याची तारीख नोंदवा, मुदतीचा शेवटचा दिवस कॅलेंडरवर लिहा आणि पहिल्या पंधरवड्यात कायदेशीर साहाय्य गाठा.