अडीच हजारांची रेघ

चि. राजूस,



तू दुकानाच्या गल्ल्यावर बसायला लागलास हे ताईकडून कळलं, फार बरं वाटलं. कापडाची पारख बाबांनी दिलीच आहे. जीएसटीचं तेवढं मी सांगतो, कारण गिऱ्हाइकाशी वाजतं ते बहुतेक तिथंच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांची रेघ नगामागे अडीच हजारांवर आली आहे, आधी ती हजारावर होती. कर धरण्याआधीची किंमत २,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर गेली की १८. आणि हे १८ टक्के वरच्या रुपयावर नव्हे, अख्ख्या किमतीवर. म्हणजे २,५०० चा कुर्ता २,६२५ ला पडतो, आणि २,५०१ चा २,९५१ ला! एका रुपयापायी गिऱ्हाइकाला सव्वातीनशेचा भुर्दंड. म्हणून लेबल लावतानाच विचार कर. बिलात दाखवून सूट दिलीस, तर उरलेल्या किमतीवरून दर ठरतो. तीन हजारांचा नग २,४०० ला दिलास तर ५ टक्केच लागेल. साडीला मात्र ही रेघ नाही. ती कापडात मोडते, त्यामुळे भारीतल्या पैठणीलाही ५ टक्केच.

एमआरपी छापलेल्या मालावर जीएसटी वेगळा लावू नकोस, सूट दिली तरीही नाही. एमआरपीत सगळे कर आलेले असतात. बाहेर ‘४० टक्के सूट’ अशी मोठी पाटी आणि खाली बारीक अक्षरात ‘कर वेगळा’, ही शुद्ध लबाडी आहे. ग्राहक आयोगांनीही ती चुकीची ठरवली आहे.

शेजारचा दुकानदार जीएसटीच्या कम्पोझिशन योजनेत असेल, तर त्याला गिऱ्हाइकाकडून कर घेताच येत नाही. त्याचं बघून आपलं बिल करू नकोस.

“बिल नको, थोडं कमी करा” म्हणणारे रोज भेटतील. दोनशेच्या आतला रुमाल-मोजा असेल आणि बिल मागितलं नाही, तर दिवसअखेर सगळ्यांचं एकत्र बिल चालतं. दोनशेपासून वर बिल फाडायचंच, गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरी.

कराची रक्कम वेगळ्या खात्यात टाकत जा. लग्नसराईत गल्ला भरलेला दिसतो आणि त्यातूनच व्यापाऱ्याची उधारी भागवावीशी वाटते. मग वीस तारखेला विवरणपत्र भरताना ओढाताण होते. उशिरा भरलेल्या करावर सालीना १८ टक्के व्याज पडतं, लेट फी निराळी.

पुढच्या आठवड्यात येतोय. अडीच हजारांच्या आसपासचे नग काढून ठेव, लेबलं मिळून तपासू.

तुझा,
मामा