पाचपैकी पाच

कचेरीत भरविल्या जाणाऱ्या मानसिक आरोग्याच्या प्रशिक्षणवर्गांविषयी कर्मचाऱ्यांचे मत काय असते हे ज्याला खरोखर जाणून घ्यावयाचे असेल, त्याने वर्ग संपताक्षणी भरून घेतलेल्या अभिप्रायपत्रिकांवर विसंबू नये, असे माझे अनुभवान्ती झालेले मत आहे. त्या पत्रिकेच्या शिरोभागी नाव, हुद्दा आणि खाते यांचे रकाने असतात, ती गोळा करणारी व्यक्ती मनुष्यबळ खात्याची असते, आणि भरणाऱ्याचा अर्धा जीव परतीच्या गाडीत अडकलेला असतो. अशा अवस्थेत माणूस पाचपैकी पाच गुण देऊन मोकळा होतो. मनापासून लिहिलेला रकाना काय तो एकच, अल्पोपाहाराचा.

अंधेरी पूर्वेस, चकाल्याच्या बाजूला, एका खासगी कंपनीच्या हिशेब खात्यात मी पुष्कळ वर्षे नोकरी केली. राहणे मुलुंडला, म्हणजे घाटकोपरपर्यंत मध्य रेल्वे आणि तेथून पुढे मेट्रो. २०१४ च्या जूनमध्ये ही मेट्रो सुरू झाली तेव्हा बसमधील हाल संपले म्हणून आम्ही हर्षभरित झालो होतो. ते हाल पुढे घाटकोपर स्थानकाच्या पुलावर मुक्कामाला आले, ही गोष्ट निराळी. ऑक्टोबरच्या १० तारखेस जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. तो मुहूर्त साधून आमच्याकडेही एके वर्षी दोन तासांचा वर्ग ठेवण्यात आला, आणि हजेरी सक्तीची असल्याचे फर्मान ईमेलने निघाले.

प्रशिक्षिका विदुषी होत्या, त्यांचे बोलणे आर्जवी आणि मुद्देसूद होते. पुढे जे घडले त्याचा दोष मी त्यांना देत नाही. उत्तरार्धात त्यांनी, ‘‘ज्यांना आपला अनुभव सांगावासा वाटतो त्यांनी निःसंकोचपणे सांगावा,’’ असे आवाहन केले, आणि आदल्या काही महिन्यांत आपली झोप कशी उडाली होती, पुलावरच्या गर्दीत छातीत कसे धडधडत असे व शेवटी मनोविकारतज्ज्ञांकडे जाऊन आपण औषध कसे सुरू केले, हे मी उभी राहून सांगितले. टाळ्या पडल्या. दोघीतिघींनी जवळ येऊन हात हातात घेतला. मार्चअखेरीच्या आधी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले व अत्यंत सौजन्याने म्हणाले, ‘‘मॅडम, तुम्ही आता टेन्शन घेऊ नका. या वर्षीचं ऑडिट आपण दुसऱ्या कोणाकडे तरी देऊ.’’ ज्या कामामुळे मला खात्यात मान होता तेच काम अशा रीतीने दयाबुद्धीने काढून घेण्यात आले, आणि वार्षिक मूल्यमापनात शेरा पडला की, ताणाखाली काम करण्याची क्षमता मर्यादित आहे. माझी झोप एव्हाना पूर्ववत झाली होती. परंतु शेऱ्याला औषध नव्हते. आकसाने केलेल्या अन्यायाविरुद्ध तक्रार तरी करता येते. कनवाळूपणाविरुद्ध अर्ज कोणाकडे करावा?

त्यानंतर मी चहाच्या टपरीवर कान उघडे ठेवू लागले आणि खरे अभिप्राय तेथे ऐकले. बोरिवलीहून येणारा एक तरुण म्हणे, ‘‘श्वासाकडे लक्ष द्या म्हणतात. फास्ट लोकलमध्ये श्वास घ्यायला जागा मिळाली की देतो!’’ दुसरी म्हणे, ‘‘या दोन तासांचं काम रात्री घरी जाऊन मीच करायचंय ना?’’ सर्वांत झोंबणारा शेरा जावक विभागातील एका वयस्क गृहस्थांचा होता: ‘‘एरवी रजा मागितली की तोंड वाकडं, आणि आज म्हणे मन मोकळं करा.’’ मात्र हेच गृहस्थ काही दिवसांनी हलक्या आवाजात म्हणाले की, धाकटा भाऊ दिवसदिवस अंथरुणातून उठत नाही तो नाटके करतो असे आपण समजत होतो, तो आजार असू शकतो हे त्या वर्गात पहिल्यांदा कळले. हे ऐकल्यावर असले वर्ग सर्वस्वी निरर्थक म्हणण्याचा माझा धीर होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही हाच विवेक दिसतो. सामान्य कर्मचाऱ्यांच्या वर्गाने ज्ञान वाढावे आणि मनोविकाराविषयीची घृणा ओसरावी इतपतच अपेक्षा तेथे धरली असून ती शिफारस सशर्त आहे. हाताखाली माणसे असणाऱ्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे, ही शिफारस मात्र ठाम आहे. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ताणनियोजनाचे वर्ग, ध्यानधारणा, मोबाइलवरील ॲप असल्या वैयक्तिक उपक्रमांत भाग घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा अधिक सुखी आढळले नाहीत. आमच्या टपरीला हे आधीच ठाऊक होते. आमच्या वर्गात साहेब शेवटच्या रांगेत बसून मोबाइल चाळीत होते, आणि त्या वर्गाची गरज सभागृहात सर्वाधिक त्यांनाच होती.

म्हणून ज्यांना असा वर्ग पुढ्यात आहे त्यांना माझे सांगणे असे की, वर्गाला अवश्य जावे, ऐकावे, टिपून घ्यावे. परंतु उभे राहून आपली व्यथा सांगण्यापूर्वी, येथे बोललेले कोणाच्या दप्तरी जाणार, हा प्रश्न सर्वांदेखत विचारावा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम २३ रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे बंधन उपचार करणाऱ्यांवर घालते. ते टाळ्या वाजविणाऱ्या सहकाऱ्यांना वा साहेबांना बांधून ठेवीत नाही. त्याच कायद्याचे कलम २१ मानसिक आजाराचा विमा शारीरिक आजाराच्याच तत्त्वावर देण्यास विमा कंपन्यांना भाग पाडते. तेव्हा कंपनीच्या सामूहिक विम्यात मनोविकारतज्ज्ञांचा खर्च कितपत बसतो, हेही प्रश्नोत्तरांत विचारून घ्यावे. या आजारांचे बहुतेक उपचार रुग्णालयात दाखल न होता चालतात, आणि नेमक्या याच बाह्यरुग्ण खर्चाशी अनेक पॉलिसी अडतात. व्यथा सांगावयाची तर कचेरीबाहेर सांगावी. आम्हा मुलुंडकरांना ठाण्याची, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ हाकेच्या अंतरावर आहे. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही दूरध्वनीवरील समुपदेशनसेवा २०१२ पासूनची आहे.

मनुष्यबळ खात्याला विनंती एवढीच की, अभिप्राय घ्यावयाचाच असेल तर तो तीन-चार महिन्यांची मुदत जाऊ देऊन, निनावी आणि बाहेरच्या माणसाकरवी घ्यावा. ‘वर्ग कसा वाटला’ याऐवजी, वर्गानंतर रजा मागणे सोपे झाले का, रात्री दहानंतरचे साहेबांचे व्हॉट्सॲप थांबले का, हे विचारावे. कंत्राटी सफाई कामगार व सुरक्षारक्षक यांना वर्गाला बोलावलेच नव्हते, याचीही नोंद त्या अहवालात असावी. आलेली उत्तरे साहेबांसमोर ठेवून पुढचा वर्ग आधी त्यांचा घ्यावा.

आणि ज्याला आज रात्रीच कोणाशी तरी बोलावयाचे आहे त्याने एवढे लिहून ठेवावे: केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालू आहे, तेथे मराठीतून बोलता येते, आणि तिला पैसे पडत नाहीत.